बारावं तोंड

१२ नोव्हेंबर २०१७, रविवार

जाहिरात कापून या पानात ठेवली आहे. चिकटवलेली नाही. काम झालं की फाडून टाकायची आहे.

'रक्त नाही, वेदना नाही, खरवडणं नाही. हिरड्यांच्या आजारावर आता लेसर.' खाली डॉ. बद्रीनाथ काळवणे, सिडको. शेजारी एका स्टीलच्या ट्रेचा फोटो, ट्रेमध्ये सात हत्यारं, त्यांच्यावर मोठी फुली आणि शब्द 'जुनी पद्धत'.

तो ट्रे माझा आहे. हत्यारांच्या दांड्यांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके आहेत, ते द्वारकाबाई लावतात. द्वारकाबाई बावीस वर्षं माझ्या दवाखान्यात मदतनीस आहेत. त्यांचाच सकाळी फोन आला. "मॅडम, आपली हत्यारं पेपरात आलीत." आधी मला वाटलं, बाई खूश आहेत.

बद्री सहा वर्षं माझ्याकडे औरंगपुऱ्यात होता. कन्नडकडच्या खेड्यातला मुलगा. एमडीएस झालेला, पण हातात कीटण खरवडायचा क्युरेट धरला की ऊस तोडायला निघाल्यासारखा. हिरडीखाली जिथे डोळा पोचत नाही तिथलं मुळावरचं कीटण नुसत्या बोटांना जाणवून कसं काढायचं, हे त्याला मी शिकवलं. त्याच्या हातावर माझा हात ठेवून शिकवलं. पेशंटसमोर 'नाय' म्हणाला की तिथल्या तिथे 'नाही' म्हणायला लावलं. घरच्यासारखाच होता. माझ्या नवऱ्याच्या, मधुसूदनांच्या साठीच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायचं सगळं काम मी विश्वासानं त्याच्यावर सोपवलं होतं. बोर्डावर नाव लावण्याबद्दल दोनदा विचारलं त्यानं. बघू म्हटलं होतं. बोर्डावर जागा तरी कुठे होती?

दीड वर्षापूर्वी स्वतःचा दवाखाना काढून गेला. गेला तर गेला म्हटलं. आता हे.

मधुसूदन म्हणाले, "फोन करून विचार ना त्याला, असं का केलं म्हणून."

मला त्याचं उत्तर नको आहे. मला तो भरल्या सभागृहात मान खाली घालून उभा असलेला बघायचा आहे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

सदाशिवकडे जाऊन आले. आम्ही एका वर्गातले. तो कॉलेजातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झाला आणि आता शहरातल्या दंतवैद्यांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे. आठ एप्रिलला संघटनेची वार्षिक सभा आहे. बद्री तिथे लेसरवर बोलणार आहे. मी त्याच्या लगेच नंतरची वीस मिनिटं मागितली. विषय सांगितला: 'हिरड्यांच्या खोल सफाईला जोड-उपचार, फायदा किती?'

"मत सांगणार का आकडे?" सदाशिवनं विचारलं.

"आकडे."

सगळं ठरवलं आहे. बारा पेशंट घ्यायचे. प्रत्येकाच्या तोंडाचे चार भाग: वर उजवा, वर डावा, खाली उजवा, खाली डावा. चारही भागांत मी हातानं खोल सफाई करणार. मग एका भागात नुसती सफाई, दुसऱ्यात सफाईनंतर औषधाचं जेल, तिसऱ्यात हिरडीत ठेवायची जंतुनाशकाची चकती आणि चौथ्यात लेसर. कुठल्या भागाला काय, ते चिठ्ठी टाकून ठरेल. हिरडी दातापासून सुटली की मध्ये जी फट होते तिला आम्ही पॉकेट म्हणतो. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, पाच-सहा झाली की आजार. सफाईआधी, मग फेब्रुवारीत एकदा आणि शेवटी मार्चमध्ये पॉकेट मोजायचं. मोजणार सदाशिव, आणि कुठे काय केलं ते त्याला ठाऊक नसणार. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, बाईंनी आपल्याला हवं तसं मोजलं.

लेसरचं मशीन कंपनीच्या माणसानं वापरून बघायला दिलं. त्याला वाटतंय मी विकत घेणार.

सदाशिव म्हणाला, "कालिंदी, बारा जणांवरून जग सिद्ध होत नसतं."

"मला जग सिद्ध करायचं नाही. एक माणूस खोटा पाडायचाय."

तो हसला. त्याला थट्टा वाटली.

२७ नोव्हेंबर, सोमवार

पहिला पेशंट रामकिसन. वाळूजला पत्रा दाबायच्या मशीनवर काम करतो, वय चव्वेचाळीस. पहिली पाळी संपवून थेट मोटारसायकलवर आला होता. वीस वर्षं गालात तंबाखू. खाली डावीकडच्या एका दाढेचं पॉकेट आतल्या बाजूनं सात, दाढ किंचित हलते.

"ऱ्हाईल का मॅडम ती? भाकर त्याच अंगानं खातो मी."

"नीट सफाई झाली आणि तंबाखू सोडलास तर राहील."

तुलनेबद्दल सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "चारी बाजूला सफाई तर व्हणारच ना?"

"होणार."

"मंग वरून काय लावायचं ते लावा." सही केली.

द्वारकाबाईंनी वाटीतून चिठ्ठ्या काढल्या. त्या दाढेच्या भागाला 'नुसती सफाई' आली. मला बरं वाटलं. सगळ्यात वाईट दाढ, आणि तिच्यासाठी माझे नुसते हात. दीड तास लागला. पूर्वी मी पाऊण तासात करत असे, पण यावेळी मुद्दाम सावकाश केलं.

९ डिसेंबर, शनिवार

थंडी फार आहे. उजवा अंगठा बुडाशी ठणकतो. काल संध्याकाळी दोन पेशंट लागोपाठ घेतले, शेवटच्या अर्ध्या तासात क्युरेट बोटांत फिरत होता. द्वारकाबाई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून आणतात आणि मी मागितली नसताना हातावर ठेवतात. आज म्हणाल्या, "मॅडम, एक दिवसाआड एकच घ्या ना पेशंट."

"सभा एप्रिलात आहे, बाई."

"सभेला हात लागंल ना पण."

या बाईंना अलीकडे फार बोलायची सवय लागली आहे.

अकरा जण झाले, बारावा मिळेना. शेवटी घरातच आहे की एक. मधुसूदनांना आठ वर्षं मधुमेह, ब्रश केला की बेसिन लाल. आज त्यांना खुर्चीत घेतलं. मध्येच डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

"बधिर झालं नाही का नीट?"

"झालंय. तू कर."

पहिल्यापासूनच हळवे. जलसंपदा खात्यात पस्तीस वर्षं काढली, पण इंजेक्शनची सुई बघितली की अजून तोंड फिरवतात.

२३ डिसेंबर, शनिवार

सिडकोत एका लग्नाला गेलो होतो. बद्रीच्या दवाखान्यावरून रिक्षा गेली. काचेचा दरवाजा, आत निळे दिवे, बोर्डावर दोन हात लांबीच्या अक्षरांत त्याचं नाव. बाहेर चपलांची रांग. त्यात आमच्या तात्यासाहेबांच्या कोल्हापुरी मी ओळखल्या. अठरा वर्षं माझे पेशंट होते ते.

लग्नात जेवण गेलं नाही. साडेतीन महिने राहिले. तो मान खाली घालेल तेव्हा मी बोलणंसुद्धा थांबवणार आहे, म्हणजे सगळ्यांना नीट बघता येईल.

२० जानेवारी २०१८, शनिवार

मधुसूदन आज शनिवारचा उपास करतायत. लग्नाला चौतीस वर्षं झाली, एकादशीसुद्धा कधी धरली नाही या माणसानं. सकाळी देवळात जाऊन येतो म्हणाले ते दुपारी आले. नुसतं दूध घेतलं, तेही कोमट.

२७ जानेवारी, शनिवार

आजही उपास. साठी उलटली की माणूस देवाकडे वळतो म्हणतात ते खरं दिसतंय. आज नळाला पाणी येणार होतं, टाकी भरायची होती, तेही मलाच बघावं लागलं.

१ फेब्रुवारी, गुरुवार

रामकिसन आधीच आला, वेळ दिलेली नसताना. दाढ दुखते, पू येतो. सदाशिव दुसऱ्या पेशंटच्या मधल्या मोजणीसाठी दवाखान्यातच होता. त्यानं आरसा घालून बघितलं, पॉकेट मोजायचा प्रोब घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सात. आतल्या बाजूला कीटण राहिलंय."

"मी तिथे वीस मिनिटं घालवली आहेत."

"असतील. पण राहिलंय. पुन्हा साफ कर, आजच कर." मग हळूच म्हणाला, "आणि कालिंदी, आतली बाजू मला इतरांच्याही..."

मी त्याला बोलू दिलं नाही. मोजणाऱ्यानं मोजावं. आणि आज या दाढेला हात लावला तर तुलना बिघडते. शेवटची मोजणी मार्चच्या मध्यात आहे. एकाला मध्येच दोनदा साफ केलं तर बद्री उभा राहून हेच दाखवेल आणि माझी सगळी मेहनत वाया जाईल. रामकिसनला दुखायची गोळी आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. सहा आठवड्यांचा प्रश्न आहे. सहा आठवड्यांत दाढ कुठे पळून जात नाही.

तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं, मॅडम."

सदाशिव चहा न घेता गेला.

२२ मार्च, गुरुवार

महिना होऊन गेला, शहरातला कचरा उचललेला नाही. दवाखान्याच्या कोपऱ्यावर ढीग आहे, पेशंट नाकाला रुमाल लावून जिना चढतात. पण आज मला कशाचाच वास आला नाही.

मोजणी संपली. द्वारकाबाईंनी चिठ्ठ्यांची पाकिटं फोडली, मी आकडे मांडले. पॉकेट सरासरी किती कमी झालं: नुसती सफाई ०.९ मिलिमीटर. जेल १.०. चकती १.०. लेसर ०.९.

लेसर आणि नुसते हात, अगदी सारखे. त्याच्या निळ्या दिव्यांची, काचेच्या दरवाज्याची, दोन हात लांब नावाची किंमत शून्य आली. मी तो आकडा मोठ्यानं वाचला. द्वारकाबाई म्हणाल्या, "व्हय का." आणि ट्रे धुवायला गेल्या.

आणखी एक गोष्ट. बारावं तोंड, म्हणजे मधुसूदन. चारही भागांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक. रक्त कुठेच नाही. हिरड्या पंचविशीतल्या माणसासारख्या. मधुमेह असून. हे बाकीच्या अकरा जणांत कुणाचंच झालेलं नाही, पण ते तंबाखूवाले, ब्रश न करणारे. जिथे पेशंट नीट वागतो तिथे माझा हात काय करू शकतो, ते या एका तोंडात दिसतं. सभेत त्यांचे फोटो दाखवणार आहे, आधीचा आणि नंतरचा.

रामकिसन मोजणीला आला नाही. फोन केला तर म्हणाला, पाळी बदलली. त्याचे फेब्रुवारीतले आकडे धरले.

२५ मार्च, रविवार

मुद्दाम सगळं जसं बोललं गेलं तसं लिहिते.

सकाळी पोहे खाताना मी मधुसूदनांना सांगितलं, तुमचे फोटो पडद्यावर येणार. त्यांनी बशी खाली ठेवली.

"ते दाखवू नकोस, कालिंदी."

"का? लाजताय काय?"

"ते तुझं काम नाही."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. जानेवारीतले दोन शनिवार. देऊळ नव्हतं, उपास नव्हता. ते बद्रीकडे गेले होते. माझ्या सफाईनंतर महिनाभर हिरड्या सुजल्या होत्या, रक्त थांबत नव्हतं, आणि मला न सांगता त्यांनी त्याला फोन केला. त्यानं दोन शनिवारांत सगळं तोंड पुन्हा साफ केलं. तोंड हुळहुळं झालेलं, चावता येत नव्हतं, म्हणून दूध.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझा अंगठा." ते माझ्या हाताकडे बघून बोलत होते. "तुला जोर लावता येत नाही आता. मग तू हत्यार तिरपं धरतेस, ते हिरडीत शिरतं. वर्षभर बघतोय मी. पाण्याची बाटलीसुद्धा तू डाव्या हातानं उघडतेस. तुला सांगितलं असतं तर काम थांबवावं लागलं असतं. थांबवून करशील काय तू?"

मी एवढंच विचारलं, "त्यानं लेसर लावला?"

"नाही. मीच म्हणालो होतो, लाव बाबा काय लावायचं ते. तर म्हणाला, 'काका, त्याची गरज नाय. मॅडमनी शिकवलंय तसं हातानंच करतो.'"

खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. मला दुःख झालं नाही. निदान आधी झालं नाही. छातीत काहीतरी उसळून आलं आणि तो आनंद होता. त्याला माहीत आहे. रोज लोकांच्या हिरड्यांत तो निळा उजेड घालतो आणि आपल्या माणसाची वेळ आली तेव्हा त्यानं मशीन बंद ठेवलं. जगातली कुठलीही तुलना याच्याइतकी चोख नाही.

मधुसूदन म्हणाले, "तू हसतेयस का?"

२९ मार्च, गुरुवार

सदाशिवला सांगितलं. तो म्हणाला, बारावा पेशंट वगळ, अकरा जणांचे आकडे मांड, लेसरचा मुद्दा तेवढ्यानंही सिद्ध होतो. बरोबर आहे त्याचं. त्यांना वगळून आकडे ०.८, ०.९, ०.९, ०.८ असे येतात. तरीही लेसर आणि हात सारखेच.

पण मग बद्री एवढंच म्हणेल, मॅडमच्या मशीनची सेटिंग वेगळी असेल. हसून बसेल. आणि बारावं तोंड दाखवलं तर तो उठूच शकत नाही. फक्त मग माझे अकरा आणि त्याचा एक शेजारी-शेजारी उभे राहतात, आणि सभागृहात सव्वाशे दंतवैद्य असणार. त्यांना आकडे वाचता येतात.

सदाशिवनं विचारलं, "त्या जाहिरातीसाठी तू स्वतःचं एवढं नुकसान करून घेणार?"

अकराही जणांच्या आतल्या बाजूचे आकडे आज पहिल्यांदा वेगळे काढून बघितले. उजव्या हातानं जिथे वाकडं धरून ओढावं लागतं, ती प्रत्येक जागा राहिलेली आहे. प्रत्येक. सदाशिवला फेब्रुवारीत हेच सांगायचं होतं.

तरीही दाखवणार आहे.

८ एप्रिल, रविवार

झालं.

बद्री आधी बोलला. राखाडी सूट, बोलणं स्वच्छ, एकही 'नाय' नाही. लेसरचे फोटो सुंदर होते. शेवटी पहिल्या रांगेकडे बघून म्हणाला, "मला हातात हत्यार धरायला ज्यांनी शिकवलं त्या इथे बसल्या आहेत." टाळ्या पडल्या. मला ते वाक्य लाचेसारखं वाटलं.

मी आधी त्याची जाहिरात पडद्यावर लावली. लाल ठिपके मोठे करून दाखवले आणि हा ट्रे माझा आहे असं सांगितलं. मग तुलना सांगितली, चिठ्ठ्या, मोजणी, अकरा जणांचे आकडे. लेसरच्या रकान्यावर बोट ठेवून उभी राहिले. मागे कुणीतरी हसलं.

मग मधुसूदनांचे फोटो आणि आकडे लावले. म्हणाले, "बारावा पेशंट माझा नवरा आहे. तो तुलनेत धरलेला नाही, कारण मध्येच त्याची सफाई दुसऱ्या डॉक्टरांनी केली. डॉक्टर काळवणे, जरा उभे राहा. या पेशंटवर तुम्ही लेसर वापरलात?"

तो उभा राहिला. "नाही."

"का?"

"गरज नव्हती."

"तुमच्याकडे येणाऱ्या बाकीच्यांना असते?"

त्याची मान खाली गेली. मी ठरवल्याप्रमाणे बोलणं थांबवलं. घड्याळ बघितलं नाही, पण खूप वेळ गेला असावा. पाच महिने याच क्षणासाठी घालवले होते. तो तसाच उभा होता आणि मला त्याची मान दिसत होती. नुकतेच कापलेले केस. मला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही.

मागच्या रांगेतून एका मुलीनं हात वर केला, नवीनच डॉक्टर असावी. "मॅडम, बाराव्या पेशंटमध्ये दोनच्या वर फरक आहे आणि बाकी अकरा जणांत एकच्याही आत. एवढ्या पॉकेटमध्ये नुसत्या सफाईनं जास्त फरक पडायला हवा ना? असं का?"

उत्तर बद्रीला माहीत होतं. त्यानं मान वर केली. दोन वाक्यांत तो मला संपवू शकला असता, सगळं सभागृह त्याच्याकडेच बघत होतं. तो म्हणाला, "पेशंट-पेशंटमध्ये फरक असतो. मॅडमचे पेशंट तंबाखू खाणारे होते." आणि खाली बसला.

त्याची दया नको होती मला. मी पुढची स्लाइड लावली. आतल्या बाजूचे आकडे.

"तंबाखूमुळे नाही," मी म्हणाले. "माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेला आहे. या जागा मी साफ केलेल्याच नाहीत. डॉक्टर काळवणे यांनी बाराव्या पेशंटची सफाई मी शिकवलेल्या पद्धतीनं, नुसत्या हातानं केली आणि ती माझ्यापेक्षा चांगली केली. म्हणजे लेसरनं काही वाढत नाही, आणि आता माझ्या हातानंही काही होत नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सदाशिवनं माईक घेतला आणि जेवणाची वेळ जाहीर केली.

११ एप्रिल, बुधवार

बद्री दवाखान्यात आला. द्वारकाबाईंनी त्याला पेशंटच्या बाकावर बसवून ठेवलं, मी बोलावेपर्यंत.

जाहिरात बंद केली म्हणाला. मी म्हटलं, पहिल्यांदा छापलीस का? जाहिरातवाल्यांचं नाव सांगेल असं मला वाटलं होतं.

"मीच दिला फोटो. फुली पण मीच मारायला लावली." तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. "सहा वर्षं, मॅडम. बोर्डवर नाव नाय. पेशंट विचारायचे मोठ्या डॉक्टरीणबाई कधी येणार, अन् तुम्ही हसून म्हणायच्या, 'आमचा बद्री करील तोवर.' भर दवाखान्यात माझं बोलणं सुधारायच्या. काकांच्या साठीला माझे वडील बी आले होते गावाहून, तुम्हीच बोलावलं होतं. त्यांनी मला गेटवर शिट्टी घेऊन गाड्या लावताना बघितलं. मला म्हणाले, 'तू डाक्टर झालास ना रे?'"

मला ते आठवेना. त्याचे वडील आले होते, हेच आठवेना.

"मग मला का वाचवलंस परवा?"

"वाचवलं नाय. मला बघवलं नाय." मग म्हणाला, "लेसरचं तुम्ही बोललात ते खरंय. लोक मशीन बघून येतात. हात बघून कोण येतं?"

माफी त्यानं मागितली नाही, मीही मागितली नाही. मला त्याचा राग अजून आहे. त्यालाही माझा असावा. निघताना त्यानं अकरा पेशंटची यादी मागितली. म्हणाला, "इथंच येऊन करतो. रविवारी. लेसर आणत नाय."

मी त्याला यादी दिली. रामकिसनच्या नावापुढे मीच पेनानं 'आधी' असं लिहिलं.

१७ एप्रिल, मंगळवार

रामकिसनला चार फोन केले तेव्हा आज आला. रविवारी का आला नाहीस विचारलं. त्यानं तोंड उघडलं. खाली डावीकडे भोक होतं, हिरडी अजून लाल. मार्चमध्येच दाढ वाळूजमध्ये कुणाकडून तरी काढून घेतली होती. चारी बाजूंनी हलत होती म्हणाला, बोटानंच निघाली असती.

मी उभी राहिले. त्याला सगळं सांगितलं: माझा अंगठा, राहिलेलं कीटण, आणि फेब्रुवारीत तू पू घेऊन आलास तेव्हा ती दाढ वाचण्यासारखी होती, मी मुद्दाम हात लावला नाही. का लावला नाही तेही सांगितलं. एका डॉक्टरला सभेत खाली बघायला लावायचं होतं म्हणून.

द्वारकाबाई ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या.

त्यानं पाण्याचा ग्लास घेतला, चूळ भरली, नीट थुंकला, रुमालानं तोंड पुसलं.

"बघितलं का मग त्यानं खाली?"

"बघितलं."

"हां." तो खुर्चीतून उतरला, पायात चपला सरकवल्या. "मॅडम, भांडण तुमचं हुतं. दाढ माझी गेली."

उरलेल्या दातांसाठी त्याला येत्या रविवारची वेळ दिली. चिठ्ठी घेतली त्यानं. येतो म्हणाला नाही.